गणपतआबांचे अकरा विजय आणि मधले दोन पराभव

माणगंगा:

गणपतराव देशमुखांवर लिहिलेलं काहीही वाचायला घ्या, पहिल्या दोन ओळींत तीन गोष्टी येतातच. अकरा वेळा आमदार, शेवटपर्यंत एकच पक्ष, आणि लाल एसटीचा प्रवास. तिन्ही खऱ्या आहेत. पण त्यापुढं काय, असं आमच्या सांगोल्यातल्या माणसालाही विचारलं तर "देवमाणूस होता" एवढंच उत्तर मिळतं. पन्नासहून जास्त वर्षं विधानसभेत बसलेल्या माणसानं तिथं बसून काय केलं, यावर बोलणं व्हायला हवं. तेही बहुतेक काळ विरोधी बाकावर, शेतकरी कामगार पक्षासारख्या (शेकाप) आक्रसत गेलेल्या पक्षाकडून.

आधी हिशेब मांडते. मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा जन्म, शिक्षणानं वकील, कर्मभूमी सांगोला. १९६२ ला पहिल्यांदा निवडून आले. महाराष्ट्र राज्य झाल्यावरची ती पहिलीच विधानसभा निवडणूक. २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसच्या, शेकापच्या १५. त्या पंधरांतले एक आबा. मग १९६७, १९७४ ची पोटनिवडणूक, १९७८, १९८०, १९८५, १९९०, १९९९, २००४, २००९, २०१४. हे झाले अकरा. २०१९ ला वयामुळे उभे राहिले नाहीत, आणि ३० जुलै २०२१ ला सोलापुरात गेले.

आता या यादीतल्या फटी बघा. १९७२ आणि १९९५. मला या माणसाची सगळी कारकीर्द या दोन फटींमधून नीट दिसते.

१९७२ च्या मार्चमध्ये काँग्रेसच्या काकासाहेब साळुंखे-पाटलांनी त्यांना हरवलं. त्याच वर्षी पाऊस गेला आणि बहात्तरचा दुष्काळ पडला. म्हणजे तालुक्यावर शतकातलं सगळ्यात मोठं संकट आलं तेव्हा तालुक्याचा विरोधातला बोलका माणूस सभागृहाबाहेर होता. १९७४ ला पोटनिवडणुकीतून परत गेला. पुढं तीनच वर्षांत त्याच सभागृहात, मागेल त्याला काम देणारा, रोजगार हमीचा कायदा मंजूर झाला. जुलै १९७७ पासून निवडणुकीपर्यंत आबा विरोधी पक्षनेते होते. २६ जानेवारी १९७९ ला कायदा प्रत्यक्ष लागू झाला, तेव्हा पुरोगामी लोकशाही दलाचं, म्हणजे पुलोदचं, सरकार होतं आणि आबा मंत्री होते. दुष्काळ बाहेर राहून बघितलेला माणूस कायदा होताना आत होता. ही साखळी कुणी जोडून दाखवत नाही, म्हणून मला तळमळ वाटते.

१९९५ चा पराभव शहाजीबापू पाटलांकडून, फक्त १९२ मतांनी. पुढच्याच वर्षी कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झालं आणि टेंभूसारख्या, कृष्णेचं पाणी उचलून आणायच्या योजना कागदावरून जमिनीवर यायला लागल्या. पुन्हा तेच. पाण्याचे निर्णय होताना आबा सभागृहाबाहेर, आणि आटपाडीत भरणाऱ्या दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदांमध्ये, पाणी चळवळीतल्या नागनाथअण्णा नायकवडींच्या शेजारी. चार वर्षांनी ते आत गेले तेव्हा त्या परिषदांमधल्या मागण्या त्यांच्यासोबत होत्या.

माझं म्हणणं असं की आबांचं मोठेपण साधेपणात शोधून आपण त्यांना लहान करतो. साधी राहणी असलेली माणसं पुष्कळ असतात. एकच प्रश्न घेऊन पाच दशकं त्याच दारावर टकटक करणारा, आणि प्रत्येक पराभवानंतर बाहेर शिकलेलं आत नेणारा आमदार दुर्मीळ.

तुमच्याकडं आठवणी, माहिती, आक्षेप असतील तर लिहा. आक्षेप तर जरूर लिहा.

कोरडवाहू:

ताई, बहात्तरचं तुम्ही लिहिलं ते वाचून आमच्या आत्तीची आठवण झाली. आटपाडीकडचा मी. आत्ती तेव्हा खडी फोडायला जायची. रस्त्याच्या कडंला दगडाचं ढीग, ज्याला त्याला ठरवून दिलेलं माप, आणि संध्याकाळी मुकादम फूटपट्टीच्या लाकडी चौकटीत खडी भरून बघायचा. चौकट भरली तर हजेरी पूर्ण. मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि पोरांना सुकडी. आत्तीच्या डाव्या हाताच्या दोन नखांना कायमचा काळा डाग होता, दगड धरताना हातोडी बसलेली.

त्यावेळी काम काढायचं का नाही हे सरकारच्या मर्जीवर असायचं. तहसीलदार म्हणाला काम नाही, तर नाही. कायदा झाल्यावर फरक काय पडला, तर माणूस अर्ज घेऊन जाऊन "काम द्या, माझा हक्क आहे" म्हणायला लागला. आत्तीला वाचता येत नव्हतं पण हमी हा शब्द तिला पक्का माहीत होता. त्यामुळं विधानसभेत काय होतं ते गावात कळत नाही असं जे म्हणतात ते मला पटत नाही. बरोबर कळतं.

चौथाखांब:

माहितीपूर्ण लेख. एक भर. अकरा वेळा हा देशातला सर्वोच्च आकडा म्हणून बऱ्याचदा छापून येतो, तो तसा नाही. करुणानिधी तमिळनाडूत १९५७ ते २०१६ दरम्यान तेरा वेळा निवडून आले, एकदाही हरले नाहीत, मात्र मतदारसंघ अनेक बदलले. केरळचे के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून तेरा वेळा जिंकले, १९६५ पासून २०१६ पर्यंत. ओमन चंडी पुथुपल्लीतून बारा वेळा.

पण मणी केरळ काँग्रेसच्या फुटीतून स्वतःचा गट घेऊन उभे राहिले आणि वर्षानुवर्षं अर्थमंत्री होते. करुणानिधी पाच वेळा मुख्यमंत्री झाले. सत्ता जवळपास नसताना, एका जागी, एका पक्षात अकरा विजय, हे वेगळंच प्रकरण आहे. त्याची तुलना या दोघांशी करण्यात फार हशील नाही.

प्रश्नोत्तराचा तास:

विधिमंडळाचं कामकाज बरीच वर्षं जवळून पाहतो आहे, म्हणून माणगंगाताईंच्या "तिथं बसून काय केलं" या प्रश्नाला थोडं उत्तर.

लहान पक्षाच्या आमदाराला सभागृहात वेळ संख्याबळावर मिळतो. अर्थसंकल्पावर मोठ्या पक्षांचे आमदार आधी बोलतात, शेकापच्या वाट्याला काही मिनिटं, तीही संध्याकाळी उशिरा, पत्रकार कक्ष रिकामा झाल्यावर. त्यामुळे अशा आमदाराची खरी आयुधं वेगळी असतात. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी नियम १०५ ची लक्षवेधी, अर्ध्या तासाची चर्चा, खात्याच्या मागणीतली रक्कम कमी करा म्हणणारी कपात सूचना, औचित्याचा मुद्दा. ही आयुधं पक्ष बघत नाहीत. नियमात बसलं की अध्यक्षांना दखल घ्यावी लागते.

तारांकित प्रश्नाचा छापील नमुना ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो, कारण त्यातच सगळं कौशल्य आहे. "सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय" अशी सुरुवात. मग एक, अमुक तालुक्यात अमुक तलावाचं काम अमुक वर्षापासून अपूर्ण आहे, हे खरे आहे काय. दोन, असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. तीन, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत. आधी प्रश्न, खाली मंत्र्याचं नाव, आणि उत्तरं. "होय." "हे अंशतः खरे आहे." "प्रश्न उद्भवत नाही."

नवखा आमदार पहिल्याच भागात मोठा आरोप घालतो. मंत्री "हे खरे नाही" म्हणतो आणि उरलेले दोन्ही भाग आपोआप गळून पडतात, "प्रश्न उद्भवत नाही". अनुभवी आमदार पहिल्या भागात फक्त मंत्र्याला नाकारता येणार नाही अशी बाब घालतो. जमिनीवर दिसणारा अर्धवट बांध, सरकारच्याच कागदात असलेली मंजुरीची तारीख. मंत्र्याला "होय" म्हणावंच लागतं, आणि मग विलंबाचं कारण द्यावं लागतं. त्यावर उपप्रश्न, आणि उपप्रश्नात मंत्र्यानं तोंडी दिलेला शब्द शासकीय आश्वासन समितीकडे जातो. पुढच्या अधिवेशनात त्या आश्वासनाचं काय झालं, हे विचारता येतं. वकील माणसाला ही उलटतपासणी चांगली जमते.

यासाठी एकच भांडवल लागतं, सातत्य. मंत्री बदलतो, सचिव बदलतो, कधी सरकार बदलतं. प्रश्न विचारणारा तोच राहिला तर खात्याला ठाऊक असतं की हा गडी पुढच्या अधिवेशनातही येणार आहे. एका तालुक्यातून माणूस वारंवार निवडून आल्याचा मतदाराला होणारा फायदा हा आहे, आणि तो निवडणुकीच्या भाषणात कधी सांगितला जात नाही.

तापीकाठ:

आबांबद्दल आदर आहेच. तरी एक विचारतो, धागाकर्तीनं आक्षेप मागितले आहेत म्हणून.

पन्नास वर्षं एक माणूस एका तालुक्याचा आमदार. त्या तालुक्याची ओळख पन्नास वर्षांनीही दुष्काळी तालुका अशीच. शेजारच्या अकलूज, माळशिरस, पंढरपूर भागात कालवे आले, साखर कारखाने आले, शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. ते नेते सत्तेत होते, निधी ओढून आणत होते. सांगोल्यात टँकर. मग मतदारानं तत्त्वनिष्ठ विरोधकाला निवडून देऊन तोटाच करून घेतला, असं कुणी म्हणालं तर त्याला काय उत्तर द्याल? सभागृहातला उत्तम प्रश्न पाण्याच्या पाइपलाइनची जागा घेत नाही.

माणगंगा:

तापीकाठ, मनापासून आभार, याच प्रश्नाची वाट पाहत होते. हा आक्षेप आमच्या घरातही ऐकलाय, वडिलांच्या पिढीतल्या काँग्रेसवाल्यांकडून.

पहिलं भूगोलाचं. माळशिरस-अकलूजला नीरा उजव्या कालव्याचं पाणी ब्रिटिश काळापासून आहे. तो कालवा शेवटाला सांगोल्याच्या हद्दीत येतो, आणि शेवटाच्या शेतकऱ्याचं काय होतं हे कालव्याकाठच्या कुणालाही विचारा. वरचे उसाला पाणी घेतात, खाली उरतं ते नशिबाचं. माण नदी बहुतेक वर्षं कोरडी. तालुका उंचावर. कृष्णेचं किंवा भीमेचं पाणी आणायचं तर ते उचलूनच आणावं लागतं, आणि उपसा सिंचन म्हणजे पंपगृहं, टप्पे, बोगदे, आणि न संपणारं वीजबिल. साखर कारखान्याच्या जोरावर एकट्या नेत्यानं ओढून आणायची ही गोष्ट नव्हे. अनेक तालुके एकत्र आल्याशिवाय ती होत नाही.

तेच घडलं. कृष्णा लवादानं, म्हणजे बच्छावत आयोगानं, महाराष्ट्राला ५६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं होतं आणि २००० नंतर त्या वाटपाचा फेरविचार होणार होता. तोवर पाणी अडवलं नाही तर हक्क जाण्याची भीती होती. सांगली, सातारा, सोलापूर जिल्ह्यांतल्या तेरा दुष्काळी तालुक्यांनी १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरवल्या. त्यात पुढं होते वाळव्याचे नागनाथअण्णा, चळवळीतले डॉ. भारत पाटणकर, आणि आमचे आबा. त्यात नुसती "पाणी द्या" अशी मागणी नव्हती. पाणी समान वाटून द्या, भूमिहीनालाही त्यात वाटा द्या, ही मागणी होती. १९९६ ला महामंडळ आलं आणि टेंभूचं काम सुरू झालं, त्यामागं या दबावाचा मोठा वाटा आहे. कराडजवळ टेंभूला कृष्णेचं पाणी उचलून टप्प्याटप्प्यानं खानापूर, आटपाडी करत सांगोल्यापर्यंत. म्हैसाळचं पाणी मिरजेकडून जत, मंगळवेढा, सांगोल्याकडं.

पाणी यायला पुढं कित्येक वर्षं गेली हे खरंच आहे. आलं तरी वीजबिल थकलं की पंप बंद. शेवटी ८१ टक्के बिल शासनानं आणि १९ टक्के लाभधारकांनी भरायचं असं सूत्र ठरलं तेव्हा कुठं पाण्याची आवर्तनं जरा नियमित झाली. या उशिराचा दोष एकट्या विरोधी आमदाराच्या माथी मारायचा, तर ज्यांच्या हातात खातं होतं आणि तिजोरी होती त्यांच्याबद्दल काय बोलणार?

शिवाय तालुक्यात काहीच उभं राहिलं नाही हेही खरं नाही. शेतकऱ्यांच्या भागभांडवलातून सहकारी सूतगिरणी उभी राहिली आणि राज्यात सूतगिरण्या एकामागून एक बंद पडत असताना ती नावाजली गेली. शिरभावीची प्रादेशिक पाणीपुरवठा योजना झाली, तिनं तालुक्यातल्या बहुतेक गावांना पंढरपूरहून भीमेचं पिण्याचं पाणी मिळालं. आमच्या वस्तीवर नळाला पहिल्यांदा पाणी आलं ते त्याच योजनेचं.

डाळिंबबाग:

माणगंगाताईंनी सूतगिरणी सांगितली, मी डाळिंबाचं सांगतो. कारण सांगोला तालुका आज टँकरपेक्षा डाळिंबासाठी जास्त ओळखला जातो, आणि त्याचं मूळसुद्धा कोरडवाहू यांनी सांगितलेल्या रोजगार हमीतच आहे.

१९९० मध्ये राज्यानं रोजगार हमीशी निगडित फळबाग लागवड योजना आणली. म्हणजे शेतकऱ्यानं स्वतःच्या रानात खड्डे घ्यायचे, माती-शेणखत भरायचं, कलम लावायचं, आणि त्या मजुरीचे पैसे रोजगार हमीतून. ज्या माळावर कुसळाशिवाय काही उगवत नव्हतं, तिथं दोन फूट रुंद, दोन फूट खोल खड्डे पडले. आधी बोर आणि गणेश वाणाचं डाळिंब, नंतर भगवा वाण. डाळिंबाला पाणी कमी लागतं एवढंच नाही, त्याला ताण द्यावाच लागतो. पाणी तोडायचं, पानगळ करायची, मग छाटणी करून पाणी सोडायचं की फुलं भरून येतात. हलकी मुरमाड जमीन आणि कोरडी हवा त्याला मानवते. आमच्या तालुक्याला जे शाप म्हणून सांगितलं जायचं तेच या पिकाच्या उपयोगी पडलं.

गेल्या काही वर्षांत तेल्या रोगानं आणि खोडकिडीनं बागांच्या बागा काढाव्या लागल्या, माझीही निम्मी बाग गेली. ते दुःख वेगळं आणि त्यावर वेगळा धागा लागेल. पण दुष्काळात खडी फोडायला पैसे देणारा कायदा पुढं बाग लावायला पैसे देणारा झाला, यात विधानसभेतल्या सगळ्या पक्षांच्या आमदारांचा हात आहे. वि. स. पागे तर काँग्रेसचे, विधान परिषदेचे सभापती. त्यांनी आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला, १९६५ मध्येच हा प्रयोग करून बघितला होता. शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर लावून त्यातून खेड्यातल्या मजुरीची सोय करायची, हे विरोधकांनीही मान्य केलं. आज असं एकमत होईल का, सांगता येत नाही.

खारेपाट:

अलिबागकडून नमस्कार. आमच्याकडं शेकाप म्हणजे घरचा पक्ष, आणि आम्ही त्यांना भाई गणपतराव म्हणतो. या पक्षात सगळे भाईच.

धाग्यात पक्षाबद्दल फार कमी आलंय म्हणून लिहितो. १९४७-४८ च्या सुमारास केशवराव जेधे, शंकरराव मोरे या मंडळींनी काँग्रेसमधून बाहेर पडून हा पक्ष काढला. १९५० चा दाभाडी प्रबंध ही त्याची वैचारिक बैठक. जेधे थोड्याच वर्षांत काँग्रेसमध्ये परत गेले, मोरेही गेले. ज्यांनी पक्ष काढला ते गेले आणि ज्यांनी तरुणपणी लाल बावटा उचलला ते राहिले. एन. डी. पाटील, आमचे दत्ता पाटील, सांगोल्याचे गणपतराव.

विधानसभेतले आकडे बघा. १९६२ ला १५, १९६७ ला १९, १९७२ ला ७, १९७८ ला १३, १९८५ ला पुन्हा १३, १९९५ ला ६, १९९९ ला ५, २००४ ला २, २०१४ ला ३. ही घसरगुंडी चालू असताना प्रत्येक निवडणुकीच्या आधी भाईंना मोठ्या पक्षात जाणं किती सोपं होतं, विचार करा. १९८५ ला पक्षांतरबंदीचा कायदा आला, पण निवडणुकीच्या तोंडावर उडी मारायला कायदा आडवा येत नाही. पश्चिम महाराष्ट्रातले किती शेकापवाले यशवंतराव चव्हाणांच्या काळापासून काँग्रेसकडं गेले, त्याची यादी फार लांब होईल.

आणि जून २००२ विसरू नका. विलासराव देशमुखांच्या सरकारला शेकापचा पाठिंबा होता, भाई मंत्री होते. आमच्या रायगडात सरकारातल्या राष्ट्रवादीशी बिनसलं आणि पक्षानं पाठिंबा काढला. सांगोल्याचा त्या भांडणाशी काही संबंध नव्हता. तालुक्याला पुलोदनंतर पहिल्यांदा सत्तेची ऊब मिळत होती. तरी पक्षाचा निर्णय म्हणून भाईंनी मंत्रिपद सोडलं आणि पुन्हा विरोधी बाकावर जाऊन बसले. सरकार १४३ विरुद्ध १३३ मतांनी तरलं. आमच्या जिल्ह्याच्या राजकारणाची किंमत सांगोल्यानं मोजली असं मला आजही वाटतं, आणि त्याबद्दल भाईंनी जाहीर तक्रार केल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

तापीकाठ:

खारेपाट, तुमच्या शेवटच्या परिच्छेदानं माझाच मुद्दा पुढं नेला. पक्षनिष्ठा हे मूल्य आहे, मान्य. पण आमदाराची पहिली निष्ठा कुणाशी, पक्षाशी की तालुक्याशी? मंत्रिपदावर राहून उपसा योजनांना निधी मिळवता आला असता.

माणगंगाताईंचं उत्तर मात्र पटलं, उपशाच्या योजना एका नेत्याच्या आवाक्यातल्या नसतात हे खरं आहे. आमच्याकडं तापीवरच्या उपसा योजनांचं काय झालं ते डोळ्यांनी बघतोच आहे.

कोरडवाहू:

दादा, पक्ष सोडून मंत्रिपद ठेवलं असतं तर पुढच्या निवडणुकीत लोकांनी कुणाला मत दिलं असतं? २००४ ला शेकापचे राज्यात दोनच निवडून आले, त्यात आबा होते. २००९ ला आले, २०१४ ला ऐंशी पार केलेला माणूस सुमारे पंचवीस हजारांच्या फरकानं आला. लोकांनी त्यांचा निर्णय मान्य केला होता. तालुक्याशी निष्ठा म्हणजे काय हे तालुक्यानंच ठरवलं ना.

निशिगंधा:

मी पुण्यात वाढलेली, सांगोला माहेरकडचं. सगळं वाचून एक गोष्ट खटकते ती लिहिते. आबांनी आयुष्यभर घराणेशाहीच्या विरोधात राजकारण केलं. २०१९ ला ते थांबले तेव्हा उमेदवारी नातवाला, अनिकेत देशमुखांना. ७६८ मतांनी हरले, पुन्हा शहाजीबापूंकडूनच. २०२४ ला दुसरे नातू, बाबासाहेब देशमुख निवडून आले, आणि आज विधानसभेत शेकापचा एकमेव आमदार म्हणजे तेच. पन्नास वर्षांत तालुक्यात कार्यकर्त्यांची दुसरी फळी उभी करता आली नाही, हे अपयश मानायला नको का? नातू कर्तबगार असतीलही. प्रश्न त्यांचा नाही, बाकीच्यांना जागा का मिळाली नाही याचा आहे.

प्रश्नोत्तराचा तास:

निशिगंधाताई, प्रश्न रास्त आहे. फक्त एक बाजू लक्षात घ्या. छोट्या पक्षाकडे कारखाना नाही, बँक नाही, ठेके नाहीत. निवडणूक लढवायला त्याच्याकडे एकच ठेवा उरतो, लोकांनी नावावर टाकलेला विश्वास. तो विश्वास आडनावाला चिकटतो, आणि कार्यकर्तेच "घरातलाच द्या" म्हणून आग्रह धरतात. मोठ्या पक्षातली घराणेशाही मालमत्ता राखायला असते, इथे ती पक्ष जिवंत ठेवायला आली. तरीही उपाय म्हणून ती योग्य, असं मी म्हणणार नाही. रायगडातही हेच झालं आणि तिथे पक्ष वाचला नाही.

खारेपाट:

शेवटच्या वाक्यावर मला बोलायचं होतं, पण ते खरं आहे.

डाळिंबबाग:

निशिगंधाताई, दुसऱ्या फळीबद्दल तुमचं मी मान्य करतो. गावोगाव आबांची माणसं होती, सोसायटीत, पंचायत समितीत. चांगली, राबणारी माणसं. पण मुंबईत जाऊन सभागृहात उभं राहायचं शिक्षण त्यांना कुणी दिलं नाही. आबा आहेत तोवर आपल्याला काय गरज, असंच सगळ्यांना वाटत राहिलं. लोकांनाही.

माणगंगा:

निशिगंधा, तुझा मुद्दा मला मान्य आहे आणि मूळ लेखात तो यायला हवा इतका महत्त्वाचा आहे. तिथंच डाळिंबबाग यांनी जे लिहिलंय, सभागृहात उभं राहायचं शिक्षण, ते करता येण्यासारखं आहे.

म्हणून एक प्रस्ताव. विधिमंडळाच्या कार्यवाहीचे जुने खंड वाचायला मिळतात, संकेतस्थळावरही बरंच आहे. त्यातून आबांचे तारांकित प्रश्न, लक्षवेधी आणि त्यावरची मंत्र्यांची उत्तरं विषयवार उतरवून काढू. पाणी, रोजगार हमी, चारा, वीज असे गट करून. कोणत्या प्रश्नाला "प्रश्न उद्भवत नाही" मिळालं, आणि तोच प्रश्न त्यांनी पुन्हा कसा मांडला, हे समोरासमोर ठेवलं तर तालुक्यातल्या नव्या पोरांना, मग ती कुठल्याही पक्षाची असोत, त्यातून शिकता येईल. तापीकाठ यांचा २००२ चा प्रश्नही तिथंच तपासता येईल, मंत्रिपद सोडल्यानंतर उपसा योजनांवर त्यांनी काय विचारलं आणि काय मिळालं ते.

प्रश्नोत्तराचा तास, तुम्हाला हे खंड चाळायची सवय आहे, तुम्ही १९७७ पासून सुरुवात कराल का? विरोधी पक्षनेतेपदाचे ते महिने आणि रोजगार हमीच्या विधेयकावरची चर्चा. मी १९९९ नंतरचं बघते. कोरडवाहू, पाणी परिषदांमधले ठराव कुणाकडं छापील असतील तर तुम्हीच आटपाडीत विचारू शकाल.

प्रश्नोत्तराचा तास:

करतो. विधेयकावरच्या चर्चेपासून घेतो, दोन्ही सभागृहांतली. टंकायला कुणी मदत केली तर लवकर होईल.

निशिगंधा:

टंकन माझ्याकडे द्या. फोटो काढून पाठवलेत तरी चालेल, पानांचे क्रमांक तेवढे दिसू द्या.